अनुदान : मांडव की मूळ?

१९१० साली औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरान आणि कर्ज दिले. लोखंडी नांगराने जमीन नासते, ही शेतकऱ्यांची समजूत दूर करून नांगर खपवण्याचे कष्ट मात्र किर्लोस्करांनाच उपसावे लागले. राजाश्रयाने संधी दिली. यश उद्यमशीलतेने मिळवले.

विजेवर चालणाऱ्या दुचाकींचा अलीकडचा अनुभव याच कसोटीवर पाहिला पाहिजे. ‘फेम-२’ योजनेत २०२१ पासून कारखाना-किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत अनुदान मिळे. जून २०२३ मध्ये ही मर्यादा १५ टक्क्यांवर आली आणि त्याच महिन्यात विक्री निम्म्याहून खाली घसरली. मग अनुदान व्यर्थ गेले काय? नाही. वर्ष सरण्यापूर्वीच विक्री बरीच सावरली. नव्या वाहनाने ग्राहकाच्या मनात घर केले होते. परंतु देशी सुट्या भागांची अट डावलणाऱ्या काही कंपन्यांकडून शासनाला अनुदान परत मागावे लागले, हेही विसरता येणार नाही.

वेलीला मांडव हवाच. पण मांडव म्हणजे मूळ नव्हे. अनुदानाला मुदत, अट आणि हिशेब यांची जोड हवी. करदात्याच्या घामाचा पैसा नवनिर्मितीला बळ देण्यासाठी आहे, परावलंबनाची सवय लावण्यासाठी नव्हे.