मुलांच्या भेटीसाठी कोर्टाचा व्हरांडा नको, एक खोली हवी

काही मुलांचे पोट ठरावीक शनिवारीच दुखते. सोनोग्राफी नॉर्मल, लघवीची तपासणी नॉर्मल, जंताचे औषध देऊन झालेले. मग घरच्यांना विचारावे लागते की, शनिवारी असते काय? बऱ्याच वेळाने उत्तर मिळते: "त्या दिवशी त्याच्या पप्पांना भेटवायचं असतं." कधी आई सोडून गेलेली असते, मूल आजीजवळ असते आणि भेट आईची असते. पोटदुखी मात्र तीच.

ही पोटदुखी खोटी नसते. मेंदू आणि आतडी यांचे नाते घट्ट आहे. मनावर ताण आला की आतड्यांची हालचाल बदलते, मळमळते, कळा येतात. लहान मुलाला "मला भीती वाटते" असे सांगता येत नाही, म्हणून ते पोट दाखवते. कोणी झोपेत दचकते, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, कोणी शाळेत गप्प बसते. अशा मुलाला औषधापेक्षा त्या भेटीची नीट व्यवस्था लागते, आणि नेमकी तीच आपल्याकडे नसते.

भेट का हवी

नवरा-बायकोचे नाते कोर्टात तुटू शकते. मुलाचे आई आणि बाप दोघे कायम राहतात. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात हे स्पष्ट आहे: वेगळे झालेल्या आईवडिलांपैकी प्रत्येकाशी नियमित संबंध ठेवण्याचा हक्क मुलाचा आहे, फक्त ते मुलाच्या हिताविरुद्ध नसावे. भारताने हा करार १९९२ मध्ये स्वीकारला. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० च्या यशिता साहू प्रकरणात हेच सांगितले की, मुलाला आई आणि वडील दोघांच्या प्रेमाचा हक्क आहे. दूर राहणाऱ्या पालकाशी फोनवर, व्हिडिओ कॉलवर बोलू द्यावे, असेही त्या निकालात आहे.

म्हणजे भेट ही बापाला दिलेली सवलत नाही की आईला झालेली शिक्षा नाही. ती मुलाची गरज आहे. एवढे पटले तरी अर्धे भांडण मिटते.

सध्या भेट कुठे होते?

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्यानुसार दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरात कुटुंब न्यायालय हवेच. इतर भागांत राज्य सरकारला गरज वाटेल तिथे. मुंबईत वांद्र्याच्या कुटुंब न्यायालयात मुलांच्या भेटीसाठी खास बालसंकुल आहे. खेळणी आहेत, समुपदेशक आहेत. पण केदारखेड्यासारख्या भोकरदन तालुक्यातल्या गावातल्या मुलाने काय करायचे?

त्याची भेट होते कोर्टाच्या व्हरांड्यात, एसटी स्टँडवर, हॉटेलातल्या बाकड्यावर, नाहीतर राजूरच्या गणपतीला दर्शनाच्या निमित्ताने. सोबत मामा असतो, तिकडून काका येतो. दोन्हीकडची माणसे एकमेकांकडे डोळे वटारून उभी. मुलाने पप्पांचा हात धरला तर आईला काय वाटेल आणि नाही धरला तर पप्पांना काय वाटेल, हे ओझे सहा वर्षांच्या जिवावर. आवाज चढला की आसपासचे लोक गोळा होतात. दुसऱ्या दिवशी शाळेत सगळ्यांना माहीत.

इंग्लंडमध्ये अशा भेटींसाठी ठिकठिकाणी केंद्रे आहेत. पुष्कळ केंद्रे चर्चच्या किंवा समाजमंदिरासारख्या साध्या हॉलमध्ये, स्वयंसेवकांच्या जोरावर चालतात. त्यांचे ढोबळमानाने दोन प्रकार. पहिल्यात धोका फारसा नसतो, फक्त आईवडिलांना समोरासमोर यायचे नसते. तिथे एका खोलीत काही कुटुंबे बसतात आणि कार्यकर्ते आसपास असतात. दुसऱ्यात धोक्याची शंका असते; तिथे प्रशिक्षित व्यक्ती पूर्ण वेळ जवळ बसून पाहते, ऐकते. हा फरक आपणही शिकून घ्यावा. सगळ्यांना एकच माप लावले की एकतर विनाकारण पहारा बसतो, नाहीतर धोक्याच्या जागी मोकळीक मिळते.

आपल्याकडे काय होऊ शकते

माझे मत असे की, यासाठी नवीन इमारत लागत नाही. सुट्टीच्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळेची एक खोली, ग्रामपंचायतीचे सभागृह, किंवा तालुक्याच्या कोर्टातली एक स्वतंत्र खोली पुरते. सतरंजी, थोडी खेळणी, रंगाच्या पेट्या, पिण्याचे पाणी, स्वच्छ शौचालय आणि शक्य असल्यास दोन दारे हवीत. एका दाराने आई मुलाला सोडेल, दुसऱ्याने वडील आत येतील.

खरी गरज असते माणसाची. प्रत्येक तालुक्यात विधी सेवा समिती असते आणि तालुक्यातले सर्वांत वरिष्ठ न्यायाधीश तिचे अध्यक्ष असतात. या समितीने गावातल्या निवृत्त शिक्षिका, परिचारिका अशा चार-पाच जणांना प्रशिक्षण द्यावे आणि महिन्यातले दोन रविवार खोली उघडी ठेवावी. अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर हे आणखी एक काम टाकू नये. तिच्याकडे आधीच पुष्कळ आहे. मानधन मात्र द्यावे.

"आपल्याकडे लोक येणार नाहीत, इज्जतीचा प्रश्न असतो," असे काही जण म्हणतील. पण लोक आजही येतातच, कोर्टाच्या आवारात सगळ्यांसमोर येतात. बंद दाराआडची खोली त्यापेक्षा इज्जत राखणारी नाही का?

धोका असेल तिथे

एक गोष्ट ठामपणे सांगतो. कोणत्याही किमतीत भेट झालीच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. मारहाण, दारूच्या नशेत शिवीगाळ, लैंगिक अत्याचाराची शंका, मूल पळवून नेण्याची धमकी, यांपैकी काही असेल तर ते आधी कोर्टाला सांगा. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाच्या २००५ च्या कायद्यात कलम २१ आहे. त्यानुसार न्यायदंडाधिकारी मुलाचा तात्पुरता ताबा देऊ शकतात आणि भेट मुलाच्या हिताला घातक वाटली तर ती नाकारतात. "समाज काय म्हणेल" म्हणून अशा वेळी गप्प बसू नका. मुलांसाठी १०९८ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आहेत. महिलांना आणि मुलांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यासाठी १५१०० वर फोन करा.

आजच करता येण्याजोगे

केंद्र होईल तेव्हा होईल. तोवर दोन्ही बाजूंनी एवढे पाळा.

भेट वयाला शोभेल अशी ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या बाळाची आठवण टिकत नाही, म्हणून त्याला थोड्या वेळाच्या पण वारंवार भेटी लागतात. महिन्यातून एकदा चार तास त्याच्या कामाचे नाहीत. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला वाटते की, आपण हट्ट केला म्हणून पप्पा गेले. त्याला पुन्हा पुन्हा सांगा, "तुझ्यामुळे काही झालं नाही." सात ते बारा वर्षांचे मूल कोणाची बाजू घ्यावी यात अडकते. किशोरवयीन मुलाच्या परीक्षा, मित्र, सामने पाहून वेळ ठरवा.

मुलाला आदल्या दिवशी सांगा: कुठे जायचे, कोण असेल, किती वाजता परत. झोपेच्या आणि जेवणाच्या वेळेत भेट ठेवू नका. दमा, फिट्स किंवा ॲलर्जी असेल तर औषध आणि ते देण्याची पद्धत चिठ्ठीवर लिहून सोबत द्या. ज्याला भेटायचे आहे त्याने वेळेवर यावे. दाराकडे डोळे लावून बसलेले मूल दोनदा फसले की तिसऱ्यांदा यायला नाही म्हणते, आणि मग आरोप होतो की आईने फितवले.

भेटीत पोटगी, तारखा, वकील हे विषय नकोत. मुलाचे रडणे मोबाइलवर पुराव्यासाठी टिपू नका. महागडी भेटवस्तू आणण्यापेक्षा सोबत बसून चित्र काढा, वही बघा, केस विंचरून द्या. परत आल्यावर "काय म्हणाला तो? काय खायला दिलं?" अशी उलटतपासणी नको. पाणी द्या, जवळ घ्या. ते स्वतःहून बोलेल.

भेटीनंतर एखादा दिवस मूल चिडचिडे किंवा गप्प राहणे स्वाभाविक आहे. निरोप घेतल्याचे ते दुःख असते, भेट वाईट झाल्याचा पुरावा नव्हे. पण झोप, भूक, शाळा दोन आठवड्यांहून अधिक बिघडली, अंगावर खुणा दिसल्या, शौचाच्या जागी दुखते म्हणाले, किंवा "मला जगायचं नाही" असे बोलले, तर लगेच डॉक्टरांना दाखवा. मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हा मोफत क्रमांकही आहे.

दाखल्याबद्दल

शेवटी माझ्या व्यवसायातला एक मुद्दा. भेटीच्या तारखेआधी डॉक्टरांकडे येऊन "मुलाला ताप आहे असं लिहून द्या" म्हणणारे असतात. ताप नसताना तसे लिहिणे हे २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार गैरवर्तन आहे. पण माझा आक्षेप फक्त नियमाचा नाही. त्या कागदाने मूल शिकते की, मोठी माणसे आपल्या नावाने खोटे बोलतात आणि आजारी पडले की भेट टळते. मग पुढच्या शनिवारी ते खरोखर आजारी पडते.

भेटीची भीती वाटत असेल तर तापाचा दाखला मागू नका. भीती कशाची ते मोकळेपणाने सांगा. मुलाला तपासून जे दिसेल ते डॉक्टर लिहू शकतात: झोप लागत नाही, वजन घटले, अंगावर वळ आहेत, समुपदेशनाची गरज आहे. असा खरा कागद कोर्टात उपयोगी पडतो. भेटीची जागा बदलून मागता येते, कोणीतरी त्रयस्थ सोबत असावा असे सांगता येते. तारीख लागल्यावर आपल्या वकिलाला एवढे जरूर विचारा: "भेट कोर्टाच्या व्हरांड्यातच का? दुसरी जागा मागता येईल का?" तालुक्यातून असे अर्ज येऊ लागले, तर ती खोली कोणाला तरी उघडावीच लागेल.