सोमवारी तीन ते पाच

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पेढ्यांवर वहीपूजन होतं. कोऱ्या वहीच्या पहिल्या पानावर कुंकवाने 'श्री' काढला जातो, आणि पाडव्याच्या मुहूर्तावर त्याच वहीत नव्या वर्षाची पहिली नोंद पडते. भागीदाराने वही मागितली तर ती मुकाट्याने त्याच्या पुढे सरकवायची, ही बाजारातली जुनी रीत. आपलं गाव, आपलं शहर चालतं त्याचीही अशीच एक वही असते आणि तिचे भागीदार आपण सगळे असतो. घरपट्टी भरतो, पाणीपट्टी भरतो, आणि ती वही कुठल्या कपाटात आहे हेसुद्धा आपल्याला ठाऊक नसतं.

यंदाच्या अंकातला विशेष विभाग या वहीवर, म्हणजे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या दप्तरावर आहे. विषय ठरला तेव्हा 'फराळाबरोबर वाचायला हे?' असा प्रश्न आमच्याच कार्यालयात निघाला होता. चकलीबरोबर गावगप्पा चालतात, तर गावाचा जमाखर्च का चालू नये, एवढंच त्यावर उत्तर.

ग्रामपंचायतीचं दप्तर नमुना १ ते ३३ असं ठरलेलं आहे. त्यातला नमुना ८, म्हणजे कर आकारणीची नोंदवही, गावात पोराटोरांना माहीत असतो. घराचा उतारा त्यातून निघतो आणि कर्जापासून विजेच्या मीटरपर्यंत तो लागतो. नमुना ५ मात्र फारसं कुणी पाहिलेला नसतो. ती रोकडवही. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. पाण्यात टाकायची टीसीएल पावडर, हातपंपाची दुरुस्ती, दिवाबत्तीचं सामान, सभेचं चहापाणी. महिनाभराच्या नोंदी सलग वाचल्या की कुठल्या दुकानाची बिलं पुन्हा पुन्हा येतात ते कळतं. खांबावर दिवा लागलेला नसताना दिव्याचा खर्च पडलाय का, हेही कळतं. त्यासाठी हिशेबनीस असण्याची गरज नाही. गावात राहत असलं की पुरे. उलट बाहेरून येणाऱ्या लेखापरीक्षकाला पावती दिसते, खांब दिसत नाही.

रस्त्याच्या कामाची तर आणखी गंमत. त्याची फाइल उघडली की अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, कार्यारंभ आदेश, बिल असे कागद निघतात, पण खरा जीव मोजमाप पुस्तिकेत असतो. सगळे तिला 'एमबी' म्हणतात. अभियंत्याने प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेली मापं तिच्यात लिहायची आणि त्या मापांवरच ठेकेदाराचं बिल निघायचं. समजा आपल्या गल्लीतला काँक्रीटचा रस्ता एमबीत १०० मीटर लांब, ३ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर जाड लिहिलाय. म्हणजे ३० घनमीटर काँक्रीटचे पैसे निघाले. आता रस्त्याच्या कडेला टेप लावा. जाडी सगळीकडे ८ सेंटिमीटरच भरली, तर २४ घनमीटर गल्लीत पडलं आणि ६ घनमीटर कागदावर राहिलं. चौथीतलं गणित आहे. मात्र ते मांडायला एमबीचं ते एक पान समोर लागतं, आणि सगळं घोडं तिथंच अडतं.

हे पान बघायचा हक्क कायद्याने केव्हाच दिलेला आहे. माहितीचा अधिकार अधिनियम १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलात आला. त्याच्या कलम २ मधली व्याख्या वाचली तर कागदाची प्रत मागण्यावर हा हक्क संपत नाही. कागद बसून पाहता येतो, टिपणं घेता येतात, चालू काम जागेवर जाऊन पाहता येतं, सिमेंट-वाळूचा प्रमाणित नमुनासुद्धा मागता येतो. कायद्याला हा हातपाय पसरलेला आकार आला तो रस्त्यावरच्या लोकांमुळे. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ मध्ये कोट किराना गावात पहिली जनसुनवाई घेतली. पंचायतीच्या कामांची हजेरीपत्रकं आणि बिलं भर सभेत वाचून दाखवली, आणि कामावर कधी न गेलेल्यांची नावं हजेरीत निघाली. महाराष्ट्राचा स्वतःचा माहिती अधिकार कायदा केंद्राच्या आधीचा. अण्णा हजाऱ्यांच्या २००३ मधल्या उपोषणाचं त्याला पाठबळ होतं. एकंदरीत या बाबतीत आपण मागे नव्हतो.

घोळ पुढे झाला. कायद्यातलं कलम ६ आपण सगळ्यांनी पाठ केलं: अर्ज करा, दहा रुपयांचं कोर्ट फीचं तिकीट लावा, तीस दिवस वाट पाहा. कलम ४ कुणी फारसं काढत नाही. सगळ्या अभिलेखांची सूची करून ठेवा आणि ठरावीक सतरा बाबींची माहिती कुणी मागण्याआधीच जाहीर करा, असं ते कार्यालयांना सांगतं. लोकांना अर्ज करायची वेळच कमी यावी, हा त्यामागचा हेतू कायद्यातच लिहून ठेवलेला आहे. कलम ४ नीट पाळलं गेलं असतं तर कलम ६ अडीअडचणीपुरतं उरलं असतं. ते पाळलं गेलं नाही, आणि सगळा महाराष्ट्र अर्जदार झाला.

अर्जदाराचं पुढे काय होतं ते वाचकांना सांगायला नको. तीस दिवस गेले की पहिलं अपील, ते त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे. मग दुसरं अपील राज्य माहिती आयोगाकडे. आयोगापुढे पडून असलेल्या प्रकरणांत महाराष्ट्र देशात पुढे आहे. सतर्क नागरिक संघटनच्या २०२४ च्या अहवालात हा आकडा एक लाखाच्या वर होता. रस्त्याची माहिती आयोगाच्या आदेशाने हाती येईपर्यंत त्या रस्त्यावर दुसरा ठेकेदार दुसरा थर टाकून गेलेला असतो. वर राज्याने २०१२ मध्ये नियम करून ठेवलाय की एका अर्जात एकच विषय आणि तोही दीडशे शब्दांत. अर्ज सुटसुटीत व्हावेत म्हणून केला म्हणे. उत्तरांना अशी मर्यादा नाही, अर्थात 'सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नाही' एवढं लिहायला दीडशे शब्द लागतही नाहीत.

माहिती अधिकारवाल्यांबद्दल कार्यालयांत जी कुजबुज असते तिच्यात तथ्य नाही असं आम्ही म्हणणार नाही. अर्ज टाकायचा, कागद मिळवायचा आणि तो दाखवून ठेकेदाराकडून पाकीट घ्यायचं, हा धंदा तालुक्या-तालुक्यात चालतो. मात्र तो चालतो कशावर, याचा विचार व्हायला हवा. कागद एकाच माणसाच्या हाती असतो म्हणून त्याला किंमत येते. तोच कागद पंचायतीच्या फलकावर लागला तर त्याचं पाकीट कोण देईल? याच गोष्टीची दुसरी बाजू तळेगाव दाभाड्याला दिसली. तिथल्या जमिनींच्या व्यवहारांची कागदपत्रं बाहेर काढणारे सतीश शेट्टी १३ जानेवारी २०१० रोजी सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. जी माहिती शंभर जण केव्हाही जाऊन वाचू शकतात, तिच्यासाठी एकाला मारून कुणाच्या पदरात काय पडणार? बंद दप्तर खंडणीखोराला पोसतं आणि प्रामाणिक माणसाला एकटं पाडतं.

म्हणून आम्हाला पुण्याच्या सोमवारचं महत्त्व वाटतं. पुणे महापालिकेत २००९ पासून दर सोमवारी दुपारी तीन ते पाच या वेळात नागरिकांनी यावं, हवी ती फाइल मागून बसून वाचावी, अशी पद्धत सुरू झाली. माहिती अधिकाराचा अर्ज लागत नसे, तीस दिवस लागत नसत. विभागात जायचं, कुठलं काम ते सांगायचं, टेबलावर फाइल येई. शहरातल्या कार्यकर्त्यांनी ही पद्धत चिकाटीने वापरली म्हणून ती टिकली. पुढे २६ नोव्हेंबर २०१८ रोजी सामान्य प्रशासन विभागाने शासन निर्णय (जीआर) काढून हीच पद्धत राज्यभरातल्या जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांना आणि स्थानिक स्वराज्य संस्थांना लागू केली. सोमवारी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी. कागदावर पाहिलं तर महाराष्ट्रातली दप्तरं तेव्हापासून आठवड्यातून दोन तास उघडी आहेत.

प्रत्यक्षात काय? नगरपालिकेत सोमवारी तीनला जा. 'असा काही जीआर आमच्याकडे आला नाही' हे पहिलं उत्तर. जीआरची प्रत पुढे केली की, 'साहेब साइटवर गेलेत, भाऊ, पुढच्या सोमवारी या.' पुढच्या सोमवारी फाइल ऑडिटला गेलेली असते. तिसऱ्या खेपेला ती सापडत नाही. हे सगळं लबाडीनेच होतं असंही नाही. एका लिपिकाकडे तीन टेबलं, रेकॉर्ड रूममध्ये ओल, गठ्ठ्यांवर विषय लिहिलेले नाहीत. त्याला स्वतःलाच फाइल मिळत नाही तर तो तुम्हाला कुठून देणार? ऐंशीच्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयातला कागद न् कागद लावून घेतला होता. तो 'लखिना पॅटर्न' अजूनही प्रशिक्षणांत सांगितला जातो आणि प्रशिक्षण संपलं की विसरला जातो. पण सरसकट 'गहाळ' हे उत्तर आपण मान्य करू नये. सार्वजनिक अभिलेख बेकायदा नष्ट केला तर राज्याच्या २००५ च्या अभिलेख कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. गहाळ म्हणता, तर कधी झाली, कुणाच्या ताब्यातून झाली आणि पोलिसांत तक्रार कधी दिली, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. फाइली मग सापडतात, असा अनेकांचा अनुभव आहे.

आणि दप्तर लावता येतच नाही, असं आता कुठल्याच कार्यालयाने म्हणू नये. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं. खासरा पत्रकं, कोतवाल बुकं, शाळांची प्रवेश-निर्गम रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या वह्या, वर्षानुवर्षं ज्यांवरची धूळ झटकली नव्हती ते गठ्ठे तहसिलांतून बाहेर आले. मोडी वाचणाऱ्यांना शोधून शोधून बोलावलं. पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय चढल्या. मराठा आरक्षणाच्या वादात शिरायची ही जागा नव्हे. शंभर वर्षांपूर्वीची कोतवाल बुकं सरकारला काही महिन्यांत लावता आली, एवढंच नोंदवायचं आहे. मग गेल्या वर्षीच्या गटाराची एमबी लावायला काय हरकत?

त्यात आता नवी अडचण आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये तो बदल अमलात आला. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे पाहावं लागे. विधिमंडळाला जी माहिती नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारता येणार नाही, अशी ओळ तिथे होती. ती आता नाही. व्यापक लोकहिताचं कलम ८(२) शाबूत आहे, पण त्यासाठी भांडायला पुन्हा अपिलाच्या रांगेत उभं राहावं लागणार. कुणाचा आधार क्रमांक किंवा बँक खातं झाकलं तर कुणाची तक्रार नाही. पण घरकुलाच्या यादीतून नावं झाकली तर उरतं काय? बंगला असलेल्या माणसाला घरकुल मिळालं हे यादीतलं नाव वाचूनच गावाला कळत होतं. हजेरीपत्रकातली न आलेली माणसं नावांवरूनच सापडली होती. हा बदल चुकीचा आहे आणि तो मागे घेतला पाहिजे, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दप्तर आताच उघडायला आणखी एक कारण आहे. मार्च २०२२ नंतर मुंबई-पुण्याच्या महापालिका तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांच्या हाती होत्या. स्थायी समितीत आरडाओरडा करायला नगरसेवक नव्हते, सर्वसाधारण सभेत प्रश्न नव्हते. कोट्यवधींचे निर्णय एका सहीने झाले. त्या काळाचा साक्षीदार आता फक्त फायलींत आहे, आणि तो काळ फार जुना झालेला नाही.

तेव्हा वाचकहो, सुट्ट्या संपल्या की येणाऱ्या पहिल्या सोमवारी आपापल्या नगरपालिकेत, महापालिकेत, जिल्हा परिषदेत जा. एकट्याने जाऊ नका, तिघं-चौघं जा. सोबत २६ नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाची प्रत ठेवा. सगळा भ्रष्टाचार खणायला निघू नका. आपल्या घरासमोरच्या एकाच कामाची फाइल मागा, एमबीचं पान पाहा, मापं उतरवून घ्या आणि टेप लावा. खेड्यात असाल तर येत्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत रोकडवही वाचून दाखवायची मागणी करा. फाइल नाकारली तर नकार लेखी घ्या. जे दिसलं किंवा दिसू दिलं नाही, ते आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत.



— संपादक