रेंज गेली म्हणून गप्प बसलो, तिथंच फसलो

उन्हाळ कांद्याची काढणी अर्ध्यावर आली आहे. चाळीत भरण्याबद्दल दोघातिघांनी विचारलंय, ते पुढच्या वेळी. आज सिमकार्डाबद्दल लिहितो, कारण पहिल्या गाडीच्या कांद्याचे ४१ हजार त्या वाटेनं गेले.

बुधवारच्या बाजारात छत्री लावून बसलेल्या पोराकडून माझ्या नावावर एक जादा सिम घेतलं, घरी मंडळींना द्यायला. "अंगठा उमटंना काका, परत ठेवा," म्हणाला. परत ठेवला. कांद्याची पात कापून कापून आमच्या अंगठ्याच्या रेषा पुसल्यात. रेशन दुकानातही तीन-तीनदा ठेवावा लागतो, मग शंका कशाची येणार? माझा तर्क असा की दुसरा अंगठा माझ्या जुन्या नंबरचं सिम बदलण्यासाठी वापरला गेला. त्याच संध्याकाळी त्या नंबरची रेंज गेली.

आता ऐका, चूक कुठं झाली. सिम बदललं की नव्या सिमवर २४ तास एसएमएस बंद ठेवायचा नियम आहे. मूळ मालकाला कळावं, त्यानं ओरड करावी म्हणून. नियम चांगलाच आहे. पण आमच्याकडं लाईट गेली की टॉवर तासाभरात झोपतो. रेंज नसणं ही आमच्याकडं बातमीच नाही. मी दोन दिवस "येईल की" म्हणत काढणी करत राहिलो. शुक्रवारी खात्यातून पैसे गेले, आणि त्याचा मेसेजही त्या चोराच्याच हातातल्या सिमवर. म्हणून म्हणतो, खराब सेवा आणि फसवणूक या दोन वेगळ्या तक्रारी नाहीत. कंपनी आम्हाला धड रेंज देत असती, तर ती गेल्याचं मला पहिल्या तासात खटकलं असतं.

शनिवारी तालुक्याला कंपनीच्या दुकानात गेलो. तिथली मुलगी म्हणते, "तक्रार नोंदवायला रजिस्टर्ड नंबरवरून फोन करा." अगं बाई, तोच तर चोरीला गेलाय! पोराच्या फोनवरून लावला तर दहा मिनिटं बटणं दाबायला लावली, आणि शेवटी माणूस काही आला नाही. हुज्जत घालून तक्रार क्रमांक घेतला. दोन दिवसांनी कळलं, तक्रार निकाली काढली आहे आणि तसा मेसेज पाठवलाय. कुठं? त्याच नंबरवर.

दुकानातूनच १९३० ला फोन केला होता. सोमवारी बँकेत लेखी अर्ज देऊन पोहोच घेतली. आपण ओटीपी कुणाला दिला नसेल आणि बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारता येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. पोहोच नसेल तर त्या नियमाचा काही उपयोग नाही, एवढं ध्यानात ठेवा. कंपनीकडं अपील करता येतं, त्याला फी लागत नाही. संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती सिम आहेत ते दिसतं. माझ्या नावावर चार निघाले. घरात दोनच आहेत.

प्रीपेडवाल्याला कंपनी रिचार्ज संपायच्या आधी मेसेज करते. मग सिम बदलण्याआधी घरातल्या दुसऱ्या नंबरवर एक फोन करायला काय जातं? पीएम किसानची ई-केवायसी, फार्मर आयडी, महाडीबीटी, सगळ्यांचा ओटीपी या एका नंबरवर. सातबारा काढायला तलाठ्याकडं आपण स्वतः उभे राहायचो, आणि त्याहून मोठी चावी बाजारातल्या छत्रीखाली बदलली जाते. कृषी सहायक मंडळी हे पान वाचतात, त्यांना विनंती आहे की गावात शिबिर घ्याल तेव्हा औषधाच्या मात्रेआधी हे पाच मिनिटं सांगा.

पैसे अजून आलेले नाहीत. जुना नंबर नवव्या दिवशी परत मिळाला. उद्या बँकेत परत जायचंय, म्हणून राहिलेली काढणी परवावर ढकलली आहे.