उत्तरभाग : पहिल्या पुस्तकाचा टीकाकार

लहान मुलांच्या यमकबद्ध चित्रपुस्तकाचा उत्तरभाग हा गंभीर समीक्षेचा विषय होऊ शकत नाही, अशी एक सोयीस्कर समजूत वाङ्मयचर्चेत रुजलेली आहे. तिच्यामागे दोन गृहीतके आहेत. यमक ही मजकूर पाठ करून घेण्याची युक्ती होय, हे पहिले. उत्तरभाग म्हणजे यशाची व्यापारी पुनरावृत्ती, हे दुसरे. ज्यूलिया डोनाल्डसन यांनी लिहिलेली आणि अ‍ॅक्सेल शेफलर यांनी चित्रित केलेली ‘द ग्रफलो’ (१९९९) व ‘द ग्रफलोज चाइल्ड’ (२००४) ही दोन इंग्रजी पुस्तके एकत्र वाचली, तर यांपैकी एकही गृहीतक टिकत नाही.

पहिल्या पुस्तकाचे बीज एका चिनी लोककथेत आहे. तीत वाघाच्या दहशतीचा आधार घेऊन इतरांना भिवविले जाते. वाघाला हवे तसे यमक जुळेना, म्हणून डोनाल्डसन यांनी ‘ग्रफलो’ हा प्राणी कल्पिला. म्हणजे येथे पात्रासाठी यमक आलेले नसून यमकातून पात्र जन्मले आहे. कथेतही तेच घडते. कोल्हा, घुबड आणि साप यांना भिवविण्यासाठी उंदीर अवयवामागून अवयव सांगत एक प्राणी रचतो, आणि तो प्राणीच पुढ्यात उभा राहतो. रचनाप्रक्रिया आणि आशय यांचे असे ऐक्य असताना यमकाला केवळ अलंकार कसे म्हणता येईल?

उत्तरभागात वर्णन करण्याचा अधिकार उंदराकडून ग्रफलोकडे जातो. उंदराची धास्ती घेतलेला हा पिता लेकीला त्याची शेपटी, डोळे आणि मिशा अक्राळविक्राळ करून सांगतो. बर्फाळ रात्री ती एकटीच शोधाला निघते. शेपटी सापडते ती सापाची, डोळे घुबडाचे, मिशा कोल्ह्याच्या. वर्णनाचे घटक जगात विखुरलेले आढळतात. वर्णिलेली वस्तू कोठेच नसते. पहिल्या पुस्तकाने शब्दाला बहाल केलेली निर्मितीक्षमता दुसरे पुस्तक अशी कसोटीला लावते. ही पुनरावृत्ती नव्हे, टीका आहे.

अखेरीस खराखुरा उंदीर तिच्या हाती लागतो, तेव्हा त्याला वाचविते ती चांदण्यात पडलेली त्याचीच प्रचंड सावली. शब्दाची जागा प्रतिमा घेते. पंचतंत्रातील सिंह विहिरीतल्या प्रतिबिंबावर झेप घेऊन मरतो आणि ऐकणारा सशाच्या चातुर्याबरोबर राहतो. येथे कोणी मरत नाही. घाबरलेले लेकरू गुहेत परतते. फांदीवरचा चिमुकला उंदीर आणि जमिनीवरची सावली यांचा संबंध ऐकणाऱ्या मुलाला कळतो, नायिकेला कळत नाही. पूर्वी फसविणाऱ्याच्या बाजूने हसलेले मूल आता फसलेल्या, आपल्याच वयाच्या जिवाचे भय जाणते. हा नैतिक पालट पहिल्या पुस्तकाच्या आवाक्यात नव्हता.

अनेक उत्तरभाग निव्वळ बाजारासाठी निघतात, हे खरेच. परंतु पुस्तक का निघाले याचे उत्तर म्हणजे ते काय करते याचे उत्तर नव्हे. आंतरसंहितात्मकतेची चर्चा प्रौढांच्या कादंबऱ्यांपुरती राखून ठेवणारी समीक्षा ऐकीव वर्णनावर विसंबून गुहेत घोरत पडलेल्या पित्यासारखी आहे. निदान त्याची लेक स्वतः जाऊन पाहून येते.