टर्कीला मस्का

आपल्याकडे लोणी लावणे म्हणजे काय हे आयटीत काम करणाऱ्या माणसाला वेगळं सांगायला नको. अप्रेझलच्या आधीचे दोन महिने आपण तेच करत असतो. पण इथे न्यू जर्सीत आल्यापासून दर नोव्हेंबरात मी शब्दशः लोणी लावतो आहे, तेही एका मेलेल्या पक्ष्याला. आणि तीन वर्षांच्या अनुभवानंतर माझं असं ठाम मत झालंय की दोन्ही प्रकारच्या मस्क्याचा परिणाम सारखाच असतो. वरून चकाकी येते, आत काही शिरत नाही.

आता नीट सांगतो. थँक्सगिव्हिंगची टर्की भाजायची म्हटलं की इथला प्रत्येक माणूस सांगतो की बटर वितळव, त्यात सेज, थाइम, रोजमेरी घाल आणि दर वीस मिनिटांनी ओव्हन उघडून ते टर्कीवर ओत. याला बेस्टिंग म्हणतात. का करायचं? तर मांस ओलसर राहतं म्हणून. मी २०२२ साली इथे आलो तेव्हा आमच्या बिल्डिंगमधल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला जेवायला बोलावलं होतं. निवृत्त शाळामास्तरीण. मी मनातल्या मनात त्यांना आजी म्हणतो, तोंडावर अर्थातच नाव घेऊन हाक मारतो, कारण इथे तशीच पद्धत. त्या दिवशी आजींनी मला स्टुलावर बसवून, हातात रबरी फुग्याची नळी देऊन, दुपारभर बेस्टिंग करायला लावलं. चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाच्या तरी स्वयंपाकघरात बसलो होतो, त्यामुळे मला भलतंच आवडलं. टर्की मात्र खरं सांगायचं तर चामड्यासारखी झाली होती.

पुढच्या वर्षी मी स्वतः केली, अगदी त्यांच्याच पद्धतीने. तीही कोरडी. मित्रांनी ग्रेव्ही ओतून ओतून खाल्ली आणि "मस्त झालीये रे" म्हणाले. (लोणी लावणे, प्रकार पहिला.)

मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवला आणि बघत बसलो. दार उघडून, ट्रे अर्धवट ओढून, निवांत लोणी ओतेपर्यंत आतलं तापमान पन्नास-साठ अंश फॅरनहाइटने खाली यायचं आणि परत चढायला सात-आठ मिनिटं लागायची. म्हणजे वीस मिनिटांच्या प्रत्येक फेरीतला मोठा भाग ओव्हन फक्त स्वतःला सावरण्यात घालवतो. भाजायचा वेळ वाढतो, आणि त्या वाढीव वेळात छातीचं मांस आणखी वाळतं. ज्या कारणासाठी आपण हे करतोय त्याच्या बरोबर उलटं!

शिवाय लोणी आत जाणार कुठून? कच्च्या मांसात जवळजवळ तीन चतुर्थांश पाणीच असतं. तूप आणि पाणी एकमेकांत मिसळत नाही हे आपल्याला आमटीवरच्या तवंगावरून लहानपणीच कळलेलं असतं. मांस कोरडं होतं कारण उष्णतेने त्यातली प्रथिनं आकसतात आणि पिळलेल्या फडक्यासारखं पाणी बाहेर येतं. ते थांबवायचे उपाय दोनच. एक म्हणजे आधीपासून लावलेलं मीठ, कारण मिठाने प्रथिनं थोडी सैल होतात आणि पाणी धरून ठेवतात. दुसरा म्हणजे वेळेवर बाहेर काढणं. बाकी सगळं सजावट.

पण सजावटीलाही किंमत आहे बरं का. इथल्या बटरमध्ये किमान ऐंशी टक्के स्निग्धांश असतो, उरलेलं बहुतेक पाणी आणि थोडा दुधाचा घन भाग. हा घन भाग कढताना तांबूस होतो आणि जो वास सुटतो तो आपल्याला पक्का ओळखीचा आहे. घरी लोणी कढवताना तळाशी बेरी धरते ना, तोच. आमच्या घरी बेरीत साखर घालून खायला आम्हा भावंडांत मारामारी व्हायची. टर्कीच्या कातडीवर तो वास आणि तो रंग हवा असेल तर बटरच पाहिजे. मी एकदा अतिशहाणपणा करून साजूक तूप वापरून बघितलं. तूप करपत नाही, कातडी कुरकुरीत होते, सगळं खरं. पण बेरी आधीच गाळून टाकलेली, त्यामुळे ती मजा नाही.

तर माझी सध्याची पद्धत अशी. बारा पौंडाची, म्हणजे साडेपाच किलोच्या आसपासची टर्की सोमवारी फ्रीझरमधून काढून खालच्या फ्रिजमध्ये ठेवायची. तिला पूर्ण सुटायला तीन दिवस लागतात. घाई करून ओट्यावर ठेवायची नाही, आणि नळाखाली धुवायची तर मुळीच नाही, त्याने फक्त जंतू सिंकभर उडतात. मग दर पाच पौंडाला साधारण एक मोठा चमचा कोशर मीठ आतून बाहेरून चोळून दोन दिवस फ्रिजमध्ये उघडीच. (वेष्टनावरचा मजकूर आधी वाचा. बऱ्याच फ्रोझन टर्क्यांना कारखान्यातच मिठाच्या पाण्याचं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यांना हे मीठ लावलंत तर समुद्र खाल्ल्यासारखं लागेल.) भाजायच्या दिवशी दोन स्टिक, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम बिनमिठाचं बटर मऊ करून त्यात बारीक चिरलेलं सेज, थाइम, थोडी रोजमेरी, दोन-तीन लसणाच्या पाकळ्या आणि लिंबाची किसलेली साल. रोजमेरी जपून, जास्त झाली की कापराची आठवण येते. छातीवरची कातडी बोटांनी हळूच सैल करायची आणि दोन तृतीयांश लोणी कातडीच्या आत सारायचं. लसूण आणि पाला आत असला की करपत नाही. उरलेलं लोणी वाटीत झाकून ठेवायचं. ओव्हन ३२५ फॅरनहाइट, आणि तीन-साडेतीन तास दाराला हात लावायचा नाही. तारेचा थर्मामीटर आत खुपसलेला, आकडा बाहेर दिसतो.

तंदुरी मसाला लावणाऱ्यांबद्दल एवढंच म्हणेन की तंदुरी हवी असेल तर चिकनच्या तंगड्या आणा. तेवढ्या धुडात दहीसुद्धा आत शिरत नाही.

आता २०२५ची गोष्ट. थँक्सगिव्हिंग कायम नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतो, १९४१ सालच्या कायद्यानेच तसं ठरलंय. आमच्या कोल्हापूरच्या घरात मटणाशिवाय पान हलत नाही, पण गुरुवार म्हणजे गुरुवार. त्यात २७ नोव्हेंबर हा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार निघाला. आई फोनवर म्हणाली, "अरे निदान त्या दिवशी तरी नको." मग बेत शनिवारवर ढकलला. गुरुवारी फक्त मीठ चोळलं. ते चालतं की नाही हे मी विचारलं नाही.

शनिवारी आजींना बोलावलं होतं. गुरुवारी त्या मुलीकडे जाऊन आल्या होत्या. हल्ली त्यांचे हात थरथरतात, त्यामुळे स्वतः टर्की करणं त्यांनी थांबवलंय. आल्या त्या येताना पर्समधून ती रबरी फुग्याची नळी घेऊनच! खुर्ची ओढून ओव्हनसमोर बसल्या.

"किती वेळ झाला?"

"दीड तास."

"आणि तू एकदाही उघडला नाहीस?" प्रॉडक्शन सर्व्हर रात्रभर बंद ठेवल्यासारखा सूर होता.

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. दार, तापमान, प्रथिनं. थर्मामीटरचा आकडा दाखवला. त्या शांतपणे म्हणाल्या, "आकडा दिसतोय. टर्की कुठे दिसतेय?"

मला चर्चेत जिंकायची वाईट सवय आहे, ऑफिसातही. आणि इथे तर मी बरोबरही होतो. पण नळी हातात धरून बसलेल्या त्या बाईकडे बघून काय जिंकायचं हा प्रश्न होता. ज्या दुपारी त्यांनी मला ती नळी दिली होती त्या दुपारी माझी टर्की खाण्याची इच्छा किती होती आणि कुठेतरी बसण्याची किती, हे मला माहीत आहे.

थोडा विचार केल्यावर लक्षात आलं की शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासात लोणी ओतलं तर नुकसान फारसं नाहीच. उलट कातडीला रंग तेव्हाच हवा असतो, आणि दुधाचा घन भाग करपायला वेळही मिळत नाही. छातीचा आकडा १४० झाल्यावर ट्रे बाहेर काढला, शेगडीवर ठेवला आणि ओव्हनचं दार लगेच बंद केलं. वाटीतलं लोणी वितळवून त्यांच्यापुढे धरलं. मी ट्रे तिरका धरायचा, त्यांनी ओतायचं. थोडं ओट्यावर सांडलं, थोडं माझ्या बाहीवर. असं दोनदा केलं.

छाती १६० ला आणि मांडी १७५ ला आली तेव्हा काढली. अर्धा तास तशीच ठेवली, तेवढ्यात छातीनेही १६५ ओलांडलं. त्याखाली राहिली असती तर परत आत घातली असती, इथल्या कृषी खात्याचा तो आकडा आहे आणि त्याबाबतीत मी हिरोगिरी करत नाही. मांस ओलसर होतं, कातडी तांबूस. आजींनी पहिला घास घेतला आणि टेबलावरच्या सगळ्यांना सांगितलं, "बघा, बेस्टिंगचा परिणाम."

मी काही बोललो नाही. मिठाची बाजू मांडायला पुढचं वर्ष आहेच. :-)

रविवारी हाडांचा स्टॉक काढून पांढरा रस्सा केला, एक डबा आजींना देऊन आलो. आईला फोटो पाठवला. पाच मिनिटांत उत्तर आलं, "तीळ भाजलेस ना? म्हणून पिवळा दिसतोय."