शेलूच्या विद्यार्थ्याने परराष्ट्रनीती का शिकावी?

मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर वांगणी आणि नेरळ यांच्या मधे शेलू हे लहानसे स्थानक आहे. तेथून पहाटेच्या लोकलने जी तरुण मंडळी कल्याण-उल्हासनगरच्या महाविद्यालयांत जातात, त्यांपैकी एका भातशेतकऱ्याच्या मुलाशी अलीकडेच आमचे बोलणे झाले. तो बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. राज्यशास्त्र घेतले असल्याने आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय त्याच्या वाट्याला आला आहे. त्याच्या हातातील गाईडात शीतयुद्धाची कारणे आठ आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या अपयशाची कारणे सात होती. बांडुंगची परिषद १९५५ साली भरली, अलिप्त राष्ट्रांची पहिली शिखर परिषद १९६१ साली बेलग्रेडला झाली, हे त्याला तोंडपाठ होते. परंतु जुलै २०२३ मध्ये भारत सरकारने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली, त्याचा या विषयाशी काही संबंध आहे काय, असे विचारताच तो हसला. "ते अर्थशास्त्रात येतं, सर," तो म्हणाला. आणि थोडे थांबून, "आणि हे सगळं शिकून आमच्या गावाला काय?"

प्रश्न उर्मटपणाचा नव्हता. त्याचे उत्तर त्याला कोणी दिलेले नाही, एवढेच.

हा विषय जन्मापासूनच वरच्या मजल्यावर राहिला आहे. या विषयाचे जगातले पहिले अध्यासन १९१९ साली वेल्समधील अ‍ॅबरिस्टविथ येथे स्थापन झाले, तेही कोळशाच्या खाणींवर गबर झालेल्या एका घराण्याच्या देणगीतून. पहिल्या महायुद्धाच्या संहाराने हादरलेल्यांची ती प्रामाणिक धडपड होती, हे मान्य केले पाहिजे. आपल्याकडे १९५५ साली दिल्लीत 'इंडियन स्कूल ऑफ इंटरनॅशनल स्टडीज' निघाले. १९७० साली ते जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विलीन झाले. १९६२च्या पराभवानंतर संरक्षणमंत्री झालेल्या यशवंतराव चव्हाणांच्या पुढाकाराने १९६५ साली संरक्षणविषयक अभ्यासाची स्वतंत्र संस्था उभी राहिली, तीही दिल्लीतच. संशोधकांची सोय झाली. पदवीच्या वर्गाकडे मात्र गाईड आले. आज या विषयाची स्वतंत्र पदवी देणारी खासगी विद्यापीठे निघाली आहेत, पण तेथील शुल्काचा आकडा ऐकून शेलूचा शेतकरी जमिनीचा सातबारा शोधू लागेल. उरतो तो स्पर्धा परीक्षांचा वर्ग. तेथे परराष्ट्रधोरण म्हणजे सामान्य अध्ययनाच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेतील काही गुण, आणि अंतर्गत सुरक्षा म्हणजे तिसरीतील काही.

आता तांदळाकडे वळू. जगाच्या तांदूळ निर्यातीत भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. निवडणूक तोंडावर असताना देशातील भाव चढू नयेत म्हणून दिल्लीने निर्यातीचे दार लावून घेतले, तेव्हा आपल्या तांदळावर विसंबून असलेल्या पश्चिम आफ्रिकेतील गरिबांच्या ताटावर त्याचा परिणाम झाला. सप्टेंबर २०२४ मध्ये ते दार पुन्हा उघडले. कर्जतचा भात आफ्रिकेला जात नसेल. पण भाताचा बाजारभाव ज्या निर्णयांनी हलतो त्यांपैकी हा एक, आणि तो घेताना रायगडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नव्हते, सेनेगलच्या मजुराला तर नाहीच.

याहून खोल गोष्ट हमीभावाची आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक करारानुसार विकसनशील देशाने एखाद्या पिकाला द्यावयाचे असे साहाय्य त्या पिकाच्या एकूण उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. ते मोजायचे कसे? आजचा हमीभाव घ्यायचा आणि त्याची तुलना १९८६ ते १९८८ या काळातील किमतींशी करायची! २०२४-२५ साली साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता. साडेतीन दशकांत रुपयाचे काय झाले ते ज्याला ठाऊक आहे, त्याला ही मोजपट्टी कोणाच्या सोयीची आहे हे निराळे सांगावे लागणार नाही. २०१३ साली बाली येथे भारताने झगडून तात्पुरते संरक्षण पदरात पाडून घेतले; त्याला 'शांतता कलम' म्हणतात. २०१८-१९च्या हंगामात तांदळासाठी मर्यादा ओलांडली गेली, तेव्हा त्या कलमाचा आधार घेणारा भारत हा पहिला देश ठरला. म्हणजे रायगडातल्या भात खरेदी केंद्रावर तोलली जाणारी गोणी आणि रेशनच्या दुकानातले धान्य, दोन्ही एका आंतरराष्ट्रीय कराराच्या तात्पुरत्या कलमावर उभी आहेत. आणि आमचा विद्यार्थी म्हणतो, ते अर्थशास्त्रात येते. दोष त्याचा नाही; ज्या अभ्यासमंडळांनी ज्ञानाच्या अशा फाळण्या केल्या त्यांचा आहे.

'सुरक्षा' या शब्दाचे तर याहून वाईट झाले आहे. पुस्तकात सुरक्षा राज्यसंस्थेची असते. तिला सीमा असते, सैन्य असते, शत्रू असतो. शेलूच्या मुलाला या शब्दाची उकल करायला दूर जावे लागणार नाही. खोपोलीचे वीजकेंद्र १९१५ साली आणि कर्जत तालुक्यातील भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. वीज निघाली ती या खेड्यांच्या डोक्यावरून मुंबईच्या गिरण्यांकडे. १९४२ साली माथेरानचे भाई कोतवाल यांनी आझाद दस्ता उभारला आणि मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडण्याचा सपाटा लावला. ब्रिटिश सरकारच्या दप्तरी हा माणूस सुरक्षेला धोका होता. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर कोतवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालण्यात आल्या. याच कोतवालांनी त्याआधी सावकाराच्या कचाट्यातील शेतकऱ्यांसाठी धान्याच्या पेढ्या काढल्या होत्या. एक सुरक्षा मनोऱ्याची, दुसरी कणगीची. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९९४च्या मानव विकास अहवालाने 'मानवी सुरक्षा' ही कल्पना जगापुढे ठेवली. तिच्यामागे महबूब उल हक या पाकिस्तानी अर्थशास्त्रज्ञाचे डोके होते. अन्नाची सुरक्षा हा तिचा एक भाग. परीक्षेत तिची व्याख्या विचारतात. कोतवालांचे नाव त्या उत्तरात लिहिण्याचे धाडस कोण करील?

याचा अर्थ सीमेची आणि सैन्याची सुरक्षा क्षुल्लक, असे आम्ही म्हणत नाही. तसे म्हणणारे काही साथी आहेत, आणि ते चुकत आहेत. फेब्रुवारी १९९३ मध्ये याच जिल्ह्यातील शेखाडीच्या किनाऱ्यावर आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत २५७ माणसे मेली. ते किनाऱ्यावर उतरू दिल्याबद्दल सीमाशुल्क खात्याच्या अधिकाऱ्यांना आणि पोलिसांनाही पुढे न्यायालयाने दोषी ठरवले. राष्ट्राची सुरक्षा फोडायला परकी तोफ लागत नाही, लाचेचे पाकीट पुरते, हा धडा रायगडच्या विद्यार्थ्याने शिकायचा नाही तर कोणी?

परराष्ट्रनीती ही दिल्लीच्या बाबूंची मिरास आहे, असे समाजवादी चळवळीने कधी मानले नव्हते. काँग्रेसचे परराष्ट्र खाते १९३६ साली डॉ. राममनोहर लोहियांनी सांभाळले, तेव्हा ते २६ वर्षांचे होते; १८ जून १९४६ला मडगावात उभे राहून पोर्तुगीज सत्तेला आव्हान देणारेही तेच. ना. ग. गोरे १९५५ साली गोव्यात सत्याग्रहाला गेले, पोर्तुगिजांच्या तुरुंगात राहिले आणि १९७७ साली लंडनला भारताचे उच्चायुक्त झाले. नाथ पै कोकणातल्या मतदारांपुढे जगाचे राजकारण मराठीत मांडत. आज आपल्या शिबिरांत परराष्ट्रनीतीवर एखादे तरी सत्र असते काय? ते क्षेत्र आपण दूरचित्रवाणीवरच्या निवृत्त सेनाधिकाऱ्यांना आणि त्यांच्या आरडाओरड्याला आंदण देऊन टाकले आहे.

मुंबई विद्यापीठात कला शाखेचा विद्यार्थी उत्तरे मराठीतून लिहू शकतो. पण मूळ करार, ठराव, संसदेतील वादविवाद मराठीत वाचायला मिळत नाहीत, म्हणून तो गाईडकडे जातो. ही कागदपत्रे मराठीत आणण्याचे काम सरकारने विद्यापीठांवर सोपवावे. त्यासाठी तज्ज्ञ परदेशातून आणावे लागणार नाहीत. पदवीच्या अखेरच्या वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या तालुक्यातील एक वस्तू किंवा एक घटना घेऊन तिचे जगाशी असलेले धागे वीस पानांत उलगडावेत, आणि त्याला शीतयुद्धाच्या आठ कारणांइतकेच गुण असावेत. अभ्यासमंडळांवर आपल्या विचाराचे प्राध्यापक आहेत. त्यांनी हे मांडावे, नकार आला तर तो लेखी मागून घ्यावा.

तोवर कर्जत-खालापूरच्या कार्यकर्त्यांनी थांबण्याचे कारण नाही. रविवारी लोकलला गर्दी कमी असते आणि शेलूला उतरणे सोपे आहे. बाली येथील निर्णयाचा मजकूर फार मोठा नाही. तो आणि भात खरेदी केंद्राची एक पावती, एवढे सामान पहिल्या बैठकीला पुरे. त्या मुलाने यायचे कबूल केले आहे. वडिलांनाही आणतो म्हणाला. पावती त्यांच्याकडेच असते.