विश्लेषण : संख्याशास्त्रात पास, पण आकडा वाचता येतो का?

महाविद्यालयात पहिल्यांदा संख्याशास्त्र शिकणारा विद्यार्थी मध्य, मध्यक, बहुलक, प्रमाण विचलन असे टप्पे घेत सत्र पूर्ण करतो. तक्ता प्रश्नपत्रिकेतच दिलेला असतो, सूत्र पाठ असते, उत्तर दोन दशांश स्थळांपर्यंत बरोबर येते. पण तक्त्यातील आकडे कोणी, कुठून आणि कसे गोळा केले, हे सहसा कोणी विचारत नाही. आकडेमोड आता खिशातला फोनही करतो. आकड्यावर कितपत विसंबायचे, हे मात्र माणसालाच ठरवावे लागते. त्यामुळे अभ्यासक्रमाची सुरुवात सूत्राऐवजी या प्रश्नापासून व्हायला हवी.

सरासरी खरी असूनही कशी फसवते?

महाविद्यालयांच्या जाहिरातीत ‘सरासरी पॅकेज’ ठळक अक्षरांत असते. समजा, १० विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली. नऊ जणांना वर्षाला ४ लाख रुपये आणि एकाला ४४ लाख. सरासरी येते ८ लाख. प्रत्यक्षात ८ लाख एकालाही मिळालेले नाहीत. पगार चढत्या क्रमाने लावून मधला आकडा, म्हणजे मध्यक काढला तर तो ४ लाख येतो. जाहिरातीत खोटे काहीच नाही, पण कर्ज काढून फी भरणाऱ्या पालकाला उपयोगी पडेल तो मध्यक. आणखी एक प्रश्न उरतोच. ही सरासरी पूर्ण वर्गाची की फक्त नोकरी मिळालेल्यांची?

पीक विम्याशी याचा काय संबंध?

सरासरी कोणाची, हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरातही तितकाच महत्त्वाचा आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत उत्पादनावर आधारित भरपाई एकेका शेतावरून ठरत नाही. महसूल मंडळासारख्या विमा क्षेत्रात काही शेते यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडली जातात. तिथे ठरावीक मापाचा तुकडा कापून उत्पादन मोजतात. हाच पीक कापणी प्रयोग. उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल असेल आणि प्रयोगांची सरासरी ८ आली, तर विमा रकमेच्या २० टक्के भरपाई मिळते. ज्याचे शेत पूर्ण वाहून गेले त्यालाही तेवढीच, आणि ज्याचे काहीच बिघडले नाही त्यालाही तेवढीच.

इथे प्रमाण विचलन पुस्तकातून बाहेर येते. मंडळात काही जमीन काळी, काही मुरमाड असेल तर शेताशेतातील फरक मोठा असतो. मग मोजक्या प्रयोगांची सरासरी वर-खाली होण्याची शक्यताही वाढते. ही त्रुटी निम्म्यावर आणायची तर प्रयोग दुप्पट करून भागत नाही, चौपट लागतात. १० ऐवजी ४०. वर्गात वर्गमुळाचे चिन्ह म्हणून पाठ केलेली गोष्ट इथे मनुष्यबळ, खर्च आणि भरपाई ठरवते.

प्रयोग वाढवले की प्रश्न सुटतो?

नेहमीच नाही. सातारा जिल्ह्यातील बुध गावात १९११ मध्ये जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० च्या दशकात भारतीय कृषी संशोधन परिषदेत पीक सर्वेक्षणांचे काम केले. कापणीचा तुकडा फार लहान असला तर उत्पादन प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते, हे त्यांनी दाखवले. कारण साधे आहे. सीमेवरची रोपे आत धरण्याकडे मोजणाऱ्याचा कल असतो आणि तुकडा जितका लहान तितका सीमेचा वाटा मोठा. लहान तुकडे वापरणारे प्रशांतचंद्र महालनोबिस आणि सुखात्मे यांच्यात यावरून मतभेद होते. अशी एकाच बाजूला झुकलेली चूक हजार प्रयोग केले तरी जात नाही. मोजण्याची पद्धतच सुधारावी लागते.

मग सूत्रे नकोत का?

हवीत. हाताने दोन-चार उदाहरणे सोडवल्याशिवाय प्रमाण विचलन म्हणजे काय हे उमगत नाही. भरलेले वर्ग, मर्यादित तास आणि परीक्षेचा साचा या शिक्षकांच्या अडचणीही खऱ्या आहेत. पण आकडेमोडीला सगळे गुण आणि अर्थाला शून्य, ही वाटणी बदलायला नवी इमारत किंवा महागडे सॉफ्टवेअर लागत नाही.

काय करता येईल?

प्रत्येक वर्गाने सत्रात एकदा तरी स्वतः आकडे गोळा करावेत. महाविद्यालयात यायला लागणारा वेळ, घरचे वीजबिल, गावातील विहिरींची पाणीपातळी, काहीही चालेल. कोणाला विचारायचे राहिले, हेही लिहून ठेवावे. ग्रामीण महाविद्यालयांनी सोयाबीनच्या काढणीवेळी परवानगी घेऊन एखादा पीक कापणी प्रयोग दाखवावा. आणि परीक्षेत गणित सोडवल्यावर एक प्रश्न सक्तीचा असावा : ‘या उत्तरावर विसंबून निर्णय घ्याल का? कारण तीन वाक्यांत लिहा.’ त्याला पाच गुण ठेवले, तर शिकवणीवर्गही तो शिकवू लागतील.